ब्रेक नवे, तरी पेडल मऊ

गाडी घोडीवरून खाली उतरली, चाकांचे नट आवळून झाले आणि मेकॅनिक चाचा म्हणाले, "बसा भाऊ, मारून बघा." बसलो. पाय ठेवला तर पेडल अर्ध्याच्या खाली गेलं आणि तिथेही टणक असं काही लागेना. भिजवलेल्या कणकेत अंगठा रुतावा तसं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर जरा वर लागलं, तिसऱ्यांदा आणखी वर. चाकाच्या फटींतून नवी जाड डिस्क चकाकत होती आणि मी मनात म्हणत होतो, याच्यापेक्षा जुने ब्रेक काय वाईट होते?

गाडी साधी हॅचबॅक, दहा वर्षांची, त्या मॉडेलमधली सगळ्यात स्वस्त. पुढे पातळ भरीव डिस्क, मागे ड्रम. जालन्याहून धुळ्याला महिन्यातून दोनदा जाणं होतं, म्हणजे दर वेळी कन्नडचा औट्रम घाट उतरणं आलं. मे महिना, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, पुढे मुंगीच्या पावलांनी उतरणारे ट्रक. अर्ध्या घाटात ब्रेकचा करपट वास यायला लागायचा. म्हणून त्याच मॉडेलच्या महागड्या गाडीला येणारे मोठे कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडनी आवळणारे चिमटे, आणि मधून वारा खेळणाऱ्या जाड डिस्क बसवायचं ठरवलं. डिस्क-पॅड नवे, कॅलिपर जुन्या बाजारातले, पण आत नवं रबर किट टाकलेले.

पुढच्या पंधरा दिवसांत तीन वेळा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. ब्रेक ऑइलचे डबे संपले, चाचांचा आणि माझा एकमेकांवरचा विश्वासही संपत आला. शेवटी जी चूक सापडली ती नुसतं चाकाशेजारी बसलं तरी दिसण्यासारखी होती. ती पुढे सांगतोच. पण त्या पंधरवड्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. मोठे ब्रेक बसवल्यावर पेडल मऊ लागण्याच्या कारणांच्या दोन जाती आहेत. एक बिघाडाची: हवा, गळती, काहीतरी तिरकं बसलेलं. दुसरी हिशेबाची, ज्यात काहीच बिघडलेलं नसतं. आपण या दोन्हींची गल्लत करतो. मग हिशेबाच्या गोष्टीसाठी कोणी हवा काढत बसतो, तर कोणी हवेच्या गोष्टीसाठी नवा मास्टर सिलेंडर विकत आणतो.

तांब्या तोच, रांजण मोठा

दवाखान्यातली सिरिंज घ्या. सुई काढून टाका, पाणी भरा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या ढकला. हलत नाही. आता आत हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा राहू द्या आणि पुन्हा ढकला. दट्ट्या आत जातो, सोडला की मागे येतो. बुडबुडा तेवढा दबतो, पाणी दबत नाही.

ब्रेकचं सगळं यंत्र या सिरिंजसारखंच. पेडलनं मास्टर सिलेंडरमधला दट्ट्या ढकलायचा, नळ्यांतून ब्रेक ऑइलनं तो दाब चाकापर्यंत न्यायचा, तिथे कॅलिपरमधल्या पिस्टननं पॅड डिस्कवर दाबायचे. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे १७व्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच माणसानं मांडलं. मास्टरचा दट्ट्या लहान आणि कॅलिपरचा पिस्टन मोठा, म्हणून पायाचा जोर चाकाशी कितीतरी पट होऊन पोचतो. पण जोर वाढला तेवढं अंतर घटतं. पहारीनं धोंडा हलवताना आपला हात हातभर खाली जातो तेव्हा धोंडा दोन बोटं वर येतो, तसं.

आता मोठं कॅलिपर लावलं म्हणजे काय केलं? पाणी भरायचा तांब्या तोच ठेवला आणि रांजण मोठा आणला. माझ्या गाडीचे आकडे सांगतो. जुन्या कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमीचा, नव्याचा ५४ मिमीचा. ऐकायला सहा मिमी म्हणजे काहीच नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं: १८१० चौरस मिमीवरून २२९० वर, म्हणजे सव्वापटीहून थोडं जास्त. तितकंच जास्त ऑइल त्याला लागणार आणि ते पायानंच पाठवायचं आहे.

किती पाय जास्त जाईल, तेही काढता येतं. समजा ब्रेक लागायला पिस्टन अर्धा मिमी सरकतो. दोन पुढची चाकं मिळून जुन्या कॅलिपरना १.८ सीसी ऑइल लागायचं, नव्यांना २.३ सीसी लागणार. अर्धा सीसी जादा. माझा मास्टर पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी व्यासाचा. त्याचं क्षेत्रफळ २८५ चौरस मिमी. अर्धा सीसी जादा पाठवायला मास्टरचा दट्ट्या पावणेदोन मिमी जास्त सरकावा लागतो. पेडल ही तरफ आहे, तिचं प्रमाण साधारण चारास एक धरलं तर पायाखाली झाले सात मिमी.

सात मिमी म्हणजे करंगळीच्या रुंदीपेक्षाही कमी. तेव्हा मोठ्या कॅलिपरच्या नावावर पेडल जरासं खाली जाणं खपवून घेता येईल. ते पायाखालच्या फळीला टेकत असेल तर "मोठे ब्रेक लावले की असंच होतं" हे कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

आता हवेचा हिशेब याच पट्टीनं करा. यंत्रणेत कुठेतरी एक सीसी हवा राहिली. जोरात ब्रेक मारला की नळीतला दाब सहज ५० बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास पन्नासपट, जातो. त्या दाबाखाली एक सीसी हवेची पन्नासाव्या भागाइतकी गोळी होते. म्हणजे जवळजवळ पूर्ण एक सीसी ऑइल पॅड न दाबता नुसतं हवा दाबण्यात गेलं. ते भरून काढायला मास्टर साडेतीन मिमी आणि पाय १४ मिमी जादा जाणार. सबंध नव्या कॅलिपरांनी खाल्लं त्याच्या दुप्पट, एका बुडबुड्यानं खाल्लं.

आधी पायाला विचारा

पाने हातात घेण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा आणि पाच मिनिटं पेडलशी बोला. मऊ पेडल घेऊन रस्त्यावर तर जाऊच नका. "जरा चौकापर्यंत मारून बघतो" म्हणणारे खूप असतात, आणि चौकातच उसाची ट्रॉली उभी असते.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा-सोडा. ते हळूहळू कडक होईल. हे कडक होणं म्हणजे पंप मारून पेडल वर येणं नव्हे, इथे भलेभले फसतात. पायाच्या जोराला मदत करणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो म्हणून पेडल जड होतं, एवढंच. तो संपला की खरी परीक्षा सुरू होते.

अर्धा मिनिट थांबा. सावकाश एकदा दाबा, कुठे लागतंय ती जागा लक्षात ठेवा. मग भराभर तीनदा दाबा. लागण्याची जागा वर सरकली, तर एक तर हवा आहे किंवा कुठेतरी फट जास्त आहे. या दोघांतला फरक पायाला कळतो. फटीचं पेडल खाली जातं खरं, पण जिथे लागतं तिथे दगडासारखं लागतं. हवेचं पेडल शेवटपर्यंत लिबलिबीत राहतं.

मग पेडल दाबून तसंच धरून ठेवा, निदान अर्धा मिनिट. बोटाबोटानं खाली बसत चाललं तर ऑइल कुठेतरी पळतंय. चारही चाकं, हवा काढायचे निपल, नळ्यांचे जोड, मास्टर बूस्टरला जिथे चिकटतो ती मागची बाजू, सगळीकडे पांढरं फडकं फिरवून बघा. होज, म्हणजे रबरी नळी, ज्या पोकळ बोल्टनं कॅलिपरला लागतो त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर जुनेच वापरले असतील तर पहिला संशय त्यांच्यावर. तांबं एकदा दबलं की दबलं, त्यामुळे हे वॉशर दर वेळी नवे घालायचे असतात. सगळं कोरडं ठणठणीत आहे, टाकीतली पातळीही जागची हलत नाही, तरी पेडल बसतंय? मग मास्टरच्या आतली रबरं ऑइलला बाजूनं वाट देत आहेत.

शेवटी पेडल दाबून ठेवलेलं असतानाच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं पाहिजे. हा दोष नव्हे, बूस्टर काम करतोय त्याची ती खूण आहे. चालू इंजिनवर पेडल नेहमीच मऊ लागतं, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायची तर दोन्ही बंद ठेवून करा.

यातलं काहीच निघालं नाही, पेडल दर वेळी एकाच जागी घट्ट लागतंय, फक्त पूर्वीपेक्षा थोडं खाली, तर तो हिशेब आहे. हवा काढून तो सुटत नाही.

माझ्या परभणीच्या मेहुण्याची गाडी या परीक्षेतच पकडली. त्यानं पुढे मोठ्या डिस्क बसवल्या आणि "गाडी उघडलीच आहे तर" म्हणून मागच्या ड्रमला आतून घासणारे नवे लायनरही टाकून घेतले. फोनवर म्हणाला, "भाऊजी, पेडल लई खाली जायलंय, दोनदा हवा काढली." मी म्हटलं, हँडब्रेक दोन खटके वर ओढ आणि आता दाब. पलीकडे क्षणभर शांतता. "आता तर वर लागलं की!" हँडब्रेक ओढला की ड्रममधले लायनर बाहेर सरकतात आणि फट मिटते. म्हणजे हवा नव्हतीच. लायनर बदलताना मागचा ॲडजस्टर बसवला होता, पण फिरवून लायनर ड्रमच्या जवळ आणलेच नव्हते, आणि पेडलचा अर्धा प्रवास ती फट भरण्यातच जात होता. पुढच्या चाकांत खोट शोधत दोन दिवस गेले, दुखणं मागे होतं.

निपल वर असतो, कारण हवा वर जाते

आता माझी चूक. शेतात ज्यांची पाइपलाइन आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल: लाइन हवा धरते ती चढावर, म्हणून एअर व्हॉल्व लाइनच्या उंच जागी बसवतात. खोलगट भागात बसवला तर पाणी उडेल, हवा तशीच राहील. कॅलिपरचा निपल हा एअर व्हॉल्वच. तो पिस्टनच्या पोकळीच्या सगळ्यात वरच्या टोकाला असतो, कारण हवा तिथे जमते.

कॅलिपर बसवायच्या आधी मी त्यांना हौसेनं लाल रंग दिला होता. रंग देताना चाचांनी लावलेल्या 'डावं' आणि 'उजवं' लिहिलेल्या चिकटपट्ट्या मीच काढल्या. दोन्ही कॅलिपर एकमेकांची आरशातली प्रतिमा. बोल्टची भोकं दोन्हीकडे जुळतात, पॅड बसतात, चाक फिरतं, ब्रेकही लागतो. फक्त निपल खाली जातो. मग हवा काढायला निपल उघडला की खालून स्वच्छ, बुडबुडा नसलेलं ऑइल येतं आणि आपण समाधानानं मान डोलावतो. वरची हवा आरामात बसलेली. अशी शंभर वेळा हवा काढली तरी ती निघत नाही.

तिसऱ्या फेरीनंतर चहा आला. चाक काढलेलं होतं, मी बाजूला बादलीवर बसलो होतो, तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. होजचं तोंड वर होतं आणि निपल खाली, जमिनीकडे तोंड करून. चाचांना हाक मारली. त्यांनी कप खाली ठेवला, वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, ये तो उल्टा बैठा है!" मग माझ्याकडे असं पाहिलं की मी रंगाबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

कॅलिपर बदललं असेल आणि हवा निघता निघत नसेल, तर पहिलं काम हे: चाक काढा, निपल कुठे आहे ते डोळ्यांनी बघा.

हवा काढायची रीत तशी सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेक जण ती घाईत करतात. एक माणूस आत, एक चाकाशी. आतल्यानं सावकाश दाबून "धरला" म्हणायचं. चाकाशी बसलेल्यानं निपल पाव फेरा सैल करायचा, पारदर्शक नळीतून ऑइल बाटलीत जाऊ द्यायचं, निपल आवळायचा आणि मगच "सोडा" म्हणायचं. आवळायच्या आधी पाय उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते. आतला माणूस मोबाइल बघत असेल तर हे हमखास होतं. धडाधड पंप मारण्याचाही उपयोग नाही. मोठा बुडबुडा फुटून त्याचा बारीक फेस होतो आणि फेस निघायला फार वेळ लागतो. वरच्या टाकीत ऑइल संपू दिलं तर पहिल्यापासून सुरुवात.

क्रम साधारणपणे मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून धरतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण काही गाड्यांत पुढचं एक आणि त्याच्या तिरकं मागचं एक अशी जोडी असते आणि त्यांचा क्रम वेगळा असू शकतो. गाडीच्या पुस्तकात बघा. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत त्याच्या डब्यात हवा शिरली तर नुसत्या पायानं निघेलच असं नाही. स्कॅनर लावून आतले व्हॉल्व उघडझाप करावे लागतात. ती सोय नसलेल्या ठिकाणी असं काम काढूच नये असं माझं मत.

जुन्या गाडीत आणखी एक खबरदारी, जी मला चाचांनी शिकवली. रोज ब्रेक मारताना मास्टरचा दट्ट्या थोडाच सरकतो. त्याच्या पुढची भिंत वर्षानुवर्षं वापरात नसते, तिथे गंज आणि गाळ साचतो. हवा काढताना आपण पेडल फळीपर्यंत दाबतो, आतली रबरं त्या खरखरीत भागावरून घासून फाटतात, आणि कालपर्यंत चांगला असलेला मास्टर आज पेडल बसवायला लागतो. चाचा पेडलखाली सुतारकामातला लाकडी ठोकळा ठेवतात, पाय तिथपर्यंतच जातो. फुकटातला उपाय आहे. मास्टरच नवा बसवत असाल तर गाडीला लावण्याआधी त्याला व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा बाहेरच काढून घ्या.

कोणतं चाक दगा देतंय हे कळत नसेल तर रबरी होज एकेक करून चिमटून बघतात. चारही चिमटले आणि पेडल टणक झालं, तर मास्टर चांगला आहे. मग एकेक सोडत जायचं. ज्याला सोडल्यावर पेडल पुन्हा खाली जाईल तो गुन्हेगार. चिमटा मात्र त्याच कामाचा, गुळगुळीत गोल जबड्याचा हवा. दातेरी प्लायर लावून होज आतून फाडून ठेवलेली गाडी मी पाहिली आहे. स्टीलच्या जाळीचे होज तर चिमटूच नका.

हवा नाही, गळती नाही, तरीही

लेथवर बनवून घेतलेल्या पट्ट्यांनी दुसऱ्याच गाडीचं कॅलिपर बसवण्याची टूम आपल्याकडे बरीच आहे. चिकलठाणा-वाळूजच्या आसपास हवा तसा लोखंडी तुकडा कापून देणारे हात भरपूर. पण पट्टी कमी जाडीची असेल तर ब्रेक मारताना ती वाकते, आणि कॅलिपर एका अंशानं जरी तिरकं बसलं तरी पॅड आधी एका कोपऱ्यानं टेकतो, मग जोर लावून लावून सपाट होतो. ते वाकणं आणि सपाट होणं पायाला मऊ लागतं. हवेसारखंच, पण पंप मारून ते वर येत नाही.

सरकत्या कॅलिपरच्या पिना कोरड्या असल्या तरी हेच होतं. पिनांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लागतं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की बुशांची रबरं फुगतात आणि पिन अडकते. नवी डिस्क बसवताना ती ज्यावर टेकते त्या हबच्या तोंडावरचा गंज घासून काढला नाही तर डिस्क डुलत फिरते, फिरता फिरता पॅडना मागे ढकलते, आणि पुढच्या ब्रेकला ती फट भरायला पाय आधी खोल जातो. उभ्या गाडीत पेडल ठीक, चालल्यावर पहिला ब्रेक खोल, दुसरा बरोबर, असं असेल तर हबची तोंडं आणि चाकाचं बेअरिंग बघा.

नवे पॅड, नवी डिस्क म्हटल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर थोडा मऊपणा राहतोच. दोन्हींचे पृष्ठभाग एकमेकांना घासून जुळायचे असतात. रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, मधे थंड व्हायला वेळ देत आठ-दहा वेळा ब्रेक लावा. त्यानं फरक पडतो, पण बोटभराचा. पेडल फळीला लागत असेल तर "पॅड बसले की होईल बरोबर" हा दिलासा घेऊ नका.

घाटात मऊ होणारं पेडल ही मात्र वेगळीच गोष्ट. थंड गाडीत सगळं घट्ट, औट्रम घाट अर्धा उतरल्यावर पेडल रुतायला लागतं. तेव्हा ऑइल उकळतंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि ओल गेली की त्याचा उत्कलनबिंदू झपाट्यानं उतरतो. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांना उकळतं, ओलं झाल्यावर १४० ला. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफ होते, वाफ हवेसारखीच दबते. गाडी थांबवून थंड केली की पेडल परत येतं आणि माणूस ते विसरूनही जातो. गॅरेजच्या फळीवर गेल्या पावसाळ्यापासून अर्धा उघडा पडलेला डबा नव्या ब्रेकमध्ये ओतणं म्हणजे ही ओल विकत घेणं. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावा. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल मोठा आकडा बघून आणू नका, ते डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही, डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. आणि अडचणीत इंजिन ऑइल तर कधीच नाही, सगळी रबरं फुगतील.

याच्या उलट, पेडल घट्ट आहे पण गाडीच थांबत नाही, तर ऑइल नव्हे, पॅड तापून गुळगुळीत झालेत. दोन्हींना लोक "ब्रेक फेल" म्हणतात, इलाज मात्र वेगळे.

हिशेब मिटवायचा का?

सगळं तपासून झालं आणि उरलेला मऊपणा हिशेबाचाच निघाला, तर मोठा मास्टर लावता येतो. माझ्या मॉडेलच्या महागड्या गाडीला तेरा-सोळांश इंची, म्हणजे २०.६४ मिमीचा मास्टर येतो. त्याचं क्षेत्रफळ पाऊण इंचीपेक्षा १७ टक्के जास्त, म्हणून एका दाबात जास्त ऑइल जातं आणि पेडल पुन्हा वर येतं. पण पहार आठवा. पेडल जितकं वर आलं तितका जोरही गेला. मोठ्या कॅलिपरनं पायाच्या तेवढ्याच जोरात पॅडचा दाब २७ टक्के वाढवला होता. मोठ्या मास्टरनंतर त्यातले जेमतेम आठ टक्के उरतात. पाय टणक हवा की जोर जास्त हवा, एवढाच प्रश्न उरतो, आणि दुकानदार दोन्ही मिळेल म्हणून सांगतो. मोठी डिस्क पुरवते ती उष्णता झेलायची ताकद आणि व्यास वाढल्यानं मिळणारी थोडी जादा पकड. ती मात्र कोणत्याही मास्टरला जात नाही.

मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवणाऱ्यांना हा हिशेब आणखी जपून करावा लागतो, कारण तिथे हँडब्रेक, मागच्या चाकांचा दाब कमी ठेवणारा व्हॉल्व, सगळंच बदलतं. मागचे ब्रेक पुढच्यांच्या आधी अडकले की गाडी गरकन फिरते. बरं, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या रचनेत परस्पर फेरफार करायला आडवं येतं, हेही लक्षात असू द्या. मी त्याच मॉडेलचे भाग लावले ते मुख्यतः या डोकेदुख्या टाळायला.

कॅलिपर डावं-उजवं सरळ केलं, निपल वर आले, आणि हवा एकाच फेरीत निघाली. पहिल्या दाबाला निपलमधून आधी फुर्र आवाज, मग फेस, मग ऑइल. पेडल वर. शेजाऱ्यांकडे तीच गाडी आहे, मूळच्या ब्रेकवर चालणारी. पोरीच्या दप्तरातली पट्टी घेतली, दोन्ही गाड्यांची इंजिनं बंद ठेवली, व्हॅक्यूम संपवला आणि पेडल कुठे घट्ट लागतं ते मोजलं. शेजाऱ्यांचं ४१ मिमीवर, माझं ४९ वर. हिशेबानं सात यायला हवे होते, आठ आले.

चाचा हात पुसत उभे होते. "मास्टर भी बदली करना क्या?"

"राहू द्या," म्हटलं, आणि पट्टी पुसून दप्तरात परत ठेवली.